अन्वस्ताची गोष्ट : देवळाली, शिर्डी, खोडद

अकरावीच्या वर्गात शांकव शिकवायला घेतले, की पहिल्या दोन-तीन तासांत एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, याचा उपयोग काय?" वर्तुळाबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही, चाक, ताटली, विहीर डोळ्यांसमोर असतात. विवृत्ताला निदान ग्रहांच्या कक्षांचा आधार आहे. पॅराबोला, म्हणजे आपल्या परिभाषेतला अन्वस्त, मात्र फळ्यावरच जन्मतो आणि फळ्यावरच पुसला जातो. उत्तरादाखल आपण मोटारीचा दिवा, छपरावरची डिश आणि फेकलेला चेंडू अशी तीन नावे सांगतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

नाशिकच्या शिक्षकाला याहून भक्कम उत्तर देता येण्यासारखे आहे. देवळालीला भूदलाचे तोफखाना विद्यालय आहे. शिर्डीला प्रसादालयाच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या तबकड्या बसवल्या आहेत. आणि पुणे रस्त्याने सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करीत नारायणगावला पोचले, की पूर्वेला खोडद गावाच्या शिवारात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. तिन्ही ठिकाणी अन्वस्त आहे असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. बारकाईने पाहिले तर तिन्ही ठिकाणी तो वहीतल्यासारखा काटेकोर नाही. देवळालीला हवा तो टिकू देत नाही, शिर्डीला त्याची गरज नाही, आणि खोडदला तो परवडण्याजोगा नव्हता. हा वक्र वापरायला शिकणे म्हणजे त्यात किती चूक चालेल हे ओळखायला शिकणे होय. या शिक्षणाला माणसाला फार वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत आहे.

ज्यांनी हा वक्र प्रथम अभ्यासला त्यांना उपयोगाची फिकीर नव्हती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मेनेक्मस या ग्रीक गणितज्ञाने एका घनाच्या दुप्पट घनफळाचा घन कसा काढावा हे कोडे सोडवताना शंकू कापून मिळणारे वक्र वापरले. आर्किमिडीजने दाखवले, की अन्वस्ताची जीवा आणि वक्र यांनी वेढलेले क्षेत्रफळ आतील विशिष्ट त्रिकोणाच्या ४/३ पट असते. कलनशास्त्र जन्माला येण्यापूर्वी अठराशेहून अधिक वर्षे! त्यानंतर पर्गाच्या अपोलोनियसने शांकवांवर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला. पॅराबोला हे नाव त्यानेच रूढ केले. त्या आठांतले चार खंड मूळ ग्रीकमध्ये आणि पुढचे तीन अरबी भाषांतरात उरले आहेत; आठवा हरवला. या एवढ्या मोठ्या ग्रंथात अन्वस्ताच्या नाभीचा उल्लेख नाही, ही मोठी गंमत आहे. ज्या बिंदूमुळे आज या वक्राला महत्त्व आहे, त्यावाचून अपोलोनियसचे काही अडले नाही.

नाभीची कथा पुढे येईलच. त्याआधी देवळालीकडे वळू, कारण उपयोगाच्या दृष्टीने अन्वस्ताला मोठी प्रसिद्धी तोफेने दिली.

सोळाव्या शतकात तोफा सर्रास झाल्या, पण गोळा नेमक्या कोणत्या वाटेने जातो हे कोणालाच ठाऊक नव्हते. इटलीतल्या टार्टाग्लियाने १५३७ साली लिहिले, की ४५ अंशांचा कोन ठेवला तर गोळा सर्वांत दूर जातो. निष्कर्ष बरोबर होता, कारणे मात्र लटपटीत होती. गॅलिलिओने १६३८ साली लेडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही गोष्ट पायावर उभी केली. आडव्या दिशेने गोळा समान वेळात समान अंतर कापतो. उभ्या दिशेने पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या दोहोंचा मिलाफ म्हणजे अन्वस्त. त्याने वेगवेगळ्या कोनांसाठी पल्ल्याची कोष्टकेही दिली. ४५ अंशांच्या जितके वर तितकेच खाली, म्हणजे ६० आणि ३० अंशांना, पल्ला सारखाच येतो हे त्यात दिसते.

याच ग्रंथात गॅलिलिओने अन्वस्त काढण्याची एक साधी युक्ती दिली आहे. अक्रोडाएवढा पितळी गोळा किंचित ओला करून जवळजवळ उभ्या धरलेल्या धातूच्या आरशावरून तिरका ढकलायचा. त्याच्या वाटेची रेघ आरशावर उमटते. आपल्याकडे हे वर्गात सहज होते. ड्रॉइंग बोर्ड पुस्तकांवर तिरका टेकवा, त्यावर कागद आणि कागदावर कार्बन उलटा ठेवा आणि सायकलच्या बेअरिंगमधला सर्वांत मोठा छर्रा बाजूने सोडा. उमटलेल्या रेघेवर समान आडव्या अंतरांवर खुणा करून खोली मोजली, की १, ४, ९, १६ हे प्रमाण बरेचसे जुळते. "बरेचसे" या शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. (दोन खिळ्यांना सैल अडकवलेली साखळीही अन्वस्तासारखीच दिसते, असे गॅलिलिओने म्हटले होते. ती अन्वस्त नसते हे हॉयगेन्सने पुढे सतराव्या वर्षी सिद्ध केले. दिसण्यावर जाऊ नये, इतपत बोध या उदाहरणातूनही घेता येतो.)

हवा गोळ्याला अडवते हे गॅलिलिओला माहीत होते, पण त्याला तो अडथळा किरकोळ वाटे. शंभर वर्षे बहुतेकांची तीच समजूत होती. ती मोडली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात बंदुकीची गोळी मारायची आणि ठोकळा किती मागे झुलला ते त्याला बांधलेल्या फितीवरून मोजायचे. त्यावरून गोळीचा वेग काढायचा. आपल्या पुस्तकातला संवेग-अक्षय्यतेचा हा प्रश्न खरे तर रॉबिन्सचे १७४२ सालचे हत्यार आहे. त्याला आढळले, की गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १७०० फूट, म्हणजे ५१८ मीटर असतो. आता गॅलिलिओचे सूत्र लावा. ४५ अंशांना पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण : ५१८ × ५१८ ÷ ९.८, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, सतरा मैल. प्रत्यक्षात अशी गोळी अर्ध्या मैलाच्याही आत पडे. सूत्र आणि वस्तुस्थिती यांत चौतीस पटींहून अधिक फरक! ऑयलरसारख्या गणितज्ञाने तीनच वर्षांत हा ग्रंथ जर्मनमध्ये आणून त्यावर भाष्य लिहिले, यावरून या धक्क्याचा अंदाज यावा. रॉबिन्सचा शेवट मात्र आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने तटबंदीच्या कामासाठी त्याला बोलावले होते. कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ साली तो वारला.

आजच्या तोफेचे गोळे जड आणि निमुळते असतात म्हणून फरक एवढा नसतो, पण असतोच. भारताने १९८६ साली घेतलेल्या १५५ मिलिमीटर बोफोर्स तोफेचा गोळा सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटतो. निर्वात जागेत तो ६५ किलोमीटर गेला असता. साध्या गोळ्याचा प्रत्यक्ष पल्ला २४ किलोमीटरच्या आसपास आहे. वाटही अन्वस्तासारखी सममित राहत नाही. चढण लांब आणि उतार खडा होतो. म्हणून तोफखान्याच्या अधिकाऱ्याला वाऱ्याची दिशा, हवेचे तापमान आणि दाब, दारूचे तापमान, इतकेच नव्हे तर लांब पल्ल्याला पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणेही हिशोबात धरावे लागते. अन्वस्त हे या सगळ्याचे पहिले पान होय. चेंडूच्या वाटेला मात्र हरकत नाही. मैदानावर हळू टाकलेला चेंडू गॅलिलिओचे पुष्कळसे ऐकतो.

आता नाभीकडे. अपोलोनियसचा समकालीन डायोक्लीझ याने ज्वलक आरशांवर एक लहान ग्रंथ लिहिला होता. मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला. इराणमधल्या मशहद येथील ग्रंथालयात त्याचे अरबी भाषांतर सापडले आणि १९७६ साली टूमर या विद्वानाने ते संपादून छापले, तेव्हा खात्री पटली, की अक्षाला समांतर येणारे सर्व किरण अन्वस्त आरशावरून एकाच बिंदूकडे वळतात, हे डायोक्लीझने बावीस शतकांपूर्वी सिद्ध केले होते. आरशांनी आर्किमिडीजने रोमन जहाजे जाळल्याची कथा आपण सांगतो, तिचा या ग्रंथात उल्लेख नाही. ती नंतरची असावी असे मानायला जागा आहे.

शिर्डीच्या गच्चीवर डायोक्लीझची ही सिद्धता राबते आहे. २००९ साली तेथे प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवल्या. नाभीपाशी पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरात जाते. या तबकड्यांची रचना वोल्फगांग शेफ्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाची. नेहमीच्या डिशमध्ये सूर्यामागे डिश फिरवली की नाभीही फिरते. मग पातेले कोठे ठेवायचे? शेफ्लरने पूर्ण वाटीऐवजी तिच्या कडेचा एक तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर तासाला १५ अंश फिरवला. नाशिक-शिर्डीचा अक्षांश सुमारे २० अंश, म्हणून दांड्याची आडव्या पातळीशी तिरपही सुमारे २० अंश. आता नाभी जागेवर राहते. पण सूर्य उत्तरायण-दक्षिणायन करतो, म्हणून ऋतूप्रमाणे तबकडीची चौकट थोडी वाकवावीही लागते. एकाच तबकडीचा डिसेंबरातला अन्वस्त वेगळा आणि जूनमधला वेगळा.

वाकवलेली लोखंडी चौकट आणि तिच्यावर चिकटवलेले काचेचे तुकडे यांतून अचूक वक्र कसा मिळेल? मिळत नाही, आणि नको आहे. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची चकती आहे. तेव्हा आरसा कितीही निर्दोष असला तरी नाभीपाशी सूर्याची प्रतिमाच पडणार, आणि तिचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०७व्या भागाइतका, म्हणजे तीन मीटरला जवळजवळ तीन सेंटिमीटर असणार. ज्या पात्रावर ऊन टाकायचे ते याहून पुष्कळ मोठे असते. त्यापलीकडची अचूकता डाळ-भाताला लागत नाही.

खोडदचा प्रश्न याच्या नेमका उलट होता. तेथे किरण नुसते एका जागी आणून चालत नाही. सगळे एकाच वेळी पोचावे लागतात. येथे नाभीचा दुसरा गुण कामाला येतो, आणि तो सिद्ध करायला दोन ओळी पुरतात. अन्वस्त क्ष² = ४ × अ × य घ्या; 'अ' हे नाभीय अंतर. वरून 'ह' उंचीवर एक सपाट तरंग खाली येतो आहे. वक्रावरच्या 'य' उंचीच्या बिंदूपर्यंत तो ह − य इतके चालतो. तेथून नाभीपर्यंतचे अंतर, अन्वस्ताच्या व्याख्येनेच, य + अ. बेरीज ह + अ. त्यात 'य' उरलाच नाही! तरंग वाटीच्या काठावर आपटो की तळाशी, नाभीपर्यंतची एकूण वाट सारखीच. म्हणून सगळे तरंग शिखराला शिखर मिळवून पोचतात.

हर्ट्झने १८८८ साली रेडिओ तरंगांवर प्रयोग केले तेव्हा दोन मीटर उंचीचे जस्ती पत्रे अन्वस्ताकार वाकवून आरसे केले होते. अमेरिकेत ग्रोट रेबर या तरुण इंजिनियराने १९३७ साली घराच्या परसात साडेनऊ मीटरची पत्र्याची वाटी उभारून आकाशातले रेडिओ तरंग टिपले. आपल्याकडे हे काम सुरू झाले ते नाशिक-मुंबई लोहमार्गावरच्या कल्याणला. गोविंद स्वरूप हे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत शिकून १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, प्रत्येकी सुमारे १.८ मीटरच्या ३२ जुन्या तबकड्या त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणला मांडल्या आणि सूर्याचे निरीक्षण केले.

पुढची पायरी उटीची. तेथे १९७० साली ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण तयार झाली. ती वाटी नसून पन्हळ आहे : रुंदीच्या दिशेला अन्वस्त, लांबीच्या दिशेला सरळ. त्यामुळे पत्रा वाकवण्याची गरजच उरली नाही. २४ अन्वस्ताकार चौकटी ओळीत उभ्या केल्या आणि त्यांवरून ११०० बारीक पोलादी तारा सरळ ताणल्या. पन्हळीवर सरळ रेषा असतातच. तारांनी फक्त त्यांची जागा घेतली. उटीचा अक्षांश ११ अंश, म्हणून दुर्बीण ११ अंश उताराच्या टेकडीवर, दक्षिणोत्तर बसवली. तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून आकाशातल्या वस्तूचा माग काढता येऊ लागला. शिर्डीची युक्ती हीच.

१९८४ च्या सुमारास स्वरूप यांनी याहून मोठी कल्पना मांडली. त्यासाठी पन्हळ चालणार नव्हती. कोणत्याही दिशेला वळणारी वाटी हवी होती, तीही पंचेचाळीस मीटरची, आणि एक नव्हे, तीस. एका वाटीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १५९० चौरस मीटर. तिसांचे मिळून जवळजवळ बारा एकर. घन पत्र्याची एवढी वाटी उभी केली तर ती प्रचंड शीड होते. वादळी वाऱ्यात ती टिकावी म्हणून सांगाडा जड करायचा, सांगाडा जड म्हणून फिरवणारी यंत्रे मोठी करायची, आणि खर्च देशाच्या ऐपतीबाहेर जायचा. वारा आरपार जाऊ देणारी जाळी हाच उपाय होता. पण गणित येथे आडवे आले. पन्हळीसारखी सोय वाटीवर नाही. तिच्या पृष्ठभागावर कोठेही एकही सरळ रेषा मावत नाही. ताणलेली तार तर सरळच राहणार.

मग प्रश्न पुन्हा तोच : किती चूक चालेल? पृष्ठभाग एका जागी एक सेंटिमीटर आत-बाहेर असेल तर तरंगाच्या वाटेत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, कारण तो येताना आणि जाताना दोनदा ते अंतर चालतो. चूक तरंगलांबीच्या सोळाव्या भागाच्या आत असली तर काम भागते, असा ठोकताळा आहे. हायड्रोजनच्या अणूचे तरंग २१ सेंटिमीटरचे. सोळावा भाग १.३ सेंटिमीटर. दृश्य प्रकाशासाठी हाच हिशोब मिलिमीटरच्या तीन लक्षांशावर जातो. रेडिओ दुर्बिणीने दिलेली ही सवलत स्वरूप आणि त्यांच्या इंजिनियरांनी पुरेपूर वसूल केली. पोलादी नळ्यांच्या सोळा अन्वस्ताकार चौकटी केंद्रापासून काठापर्यंत त्रिज्यांसारख्या लावल्या. त्यांच्यामध्ये पोलादी दोरांच्या कैच्या ताणल्या आणि त्या कैच्यांना ०.५५ मिलिमीटर तारेची जाळी बांधली. वाटीचे असंख्य लहान सपाट तुकडे झाले, पण एकेक तुकडा एवढा लहान, की खऱ्या अन्वस्तापासूनचा फरक सवलतीत बसला. जाळीची भोके मध्यभागी १० मिलिमीटरची, मग १५, आणि काठाकडे २०. २१ सेंटिमीटरच्या तरंगाला ती भोके जवळजवळ दिसतच नाहीत. वाऱ्याला मात्र दिसतात. ताशी १३३ किलोमीटर वाऱ्यापर्यंत टिकाव धरेल अशी ही रचना केली गेली.

सवलत घेतली म्हणून वाटेल तो वक्र चालला असता असे नाही. हे वर्गात आकड्यांनी करून दाखवता येते. या वाटीचे नाभीय अंतर १८.५४ मीटर आहे. काठाशी क्ष = २२.५, म्हणून खोली २२.५ × २२.५ ÷ ७४.१६, म्हणजे ६.८३ मीटर. आता त्याऐवजी ३७.०८ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा घ्या. आरशांच्या धड्यात शिकवतो त्याप्रमाणे त्याचेही नाभीय अंतर त्रिज्येच्या निम्मे, म्हणजे तेवढेच. पायथागोरसने खोली काढली तर ती ७.६१ मीटर येते. काठाशी पाऊण मीटरहून अधिक तफावत, १.३ सेंटिमीटरची सवलत कुठच्या कुठे! उलट केंद्रापासून ५ मीटरवर दोन्ही खोल्यांतला फरक अवघा दीड मिलिमीटर, आणि १० मीटरवर अडीच सेंटिमीटर. लहान आणि उथळ आरशात वर्तुळ आणि अन्वस्त यांत फारसा भेद नसतो. न्यूटनने १६६८ साली केलेल्या चिमुकल्या दुर्बिणीत गोलीय आरसा वापरून भागले, ते यामुळेच. विद्यार्थ्यांकडून दर दोन मीटरला ही दोन्ही खोल्यांची यादी करून घ्यावी. फरक कोठे डोके वर काढतो ते त्यांना स्वतःला सापडेल.

१९८७ साली प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि नव्वदच्या दशकात नारायणगावच्या टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शिवारात एकेक वाटी उभी राहिली. चौदा मधल्या एका चौरस किलोमीटरच्या परिसरात, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. ही जागा निवडताना मोठ्या शहराच्या रेडिओ गोंगाटापासूनचे अंतर आणि डोंगरांचा आडोसा पाहिला होता. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातल्या शास्त्रज्ञांना समर्पित झाली. गोविंद स्वरूप यांचे निधन ७ सप्टेंबर २०२० रोजी झाले.

त्यानंतर महिन्याभराने, ऑक्टोबर २०२० मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीने केलेले एक मोजमाप प्रसिद्ध केले. ७६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून त्यांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. तेथून निघताना तरंग २१ सेंटिमीटरचे होते. विश्वाच्या प्रसरणामुळे ताणले जाऊन खोडदला ते सुमारे ४२ सेंटिमीटरचे होऊन पोचले. त्या तरंगांसाठी पृष्ठभागाची सवलत दुप्पट, अडीच सेंटिमीटरहून अधिक होते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळांचे विद्यार्थी आपापले प्रकल्प मांडतात. त्या दिवशी एखाद्या वाटीच्या जवळ उभे राहून चौकटी मोजायला सांगावे. सोळा भरतात. आणि दोन चौकटींमधला प्रत्येक दोर, टोकापासून टोकापर्यंत, सरळ असतो.